करंट कुठे मुरला

बाबांच्या मोटारसायकलची थट्टा करायची आमच्या घरात रीतच होती. गाडी टू-स्ट्रोक, पिकअपपेक्षा धूर जास्त, आणि वयानं जवळजवळ माझ्याएवढी. सोनाळ्याच्या रस्त्यावरून तिचा आवाज आला की माय चहाचं आधण ठेवायची. बाबा अंगणात उतरायचे, स्टँड लावायचे आणि डाव्या हातानं सीटच्या कडेला, जरा खालच्या अंगानं, थोपटायचे. औतावरून सोडलेल्या बैलाला थोपटावं तसं. "बाबा, ढेपही चारा तिले," असं मी म्हणायचो. ते नुसते हसायचे.

या गाडीच्या आधीची त्यांची गाडी जळगाव जामोदच्या बाजारातून चोरीला गेली होती. वांग्यांची पोती उतरवून मागे वळले तर गाडी गायब. त्याचा त्यांनी असा धसका घेतला की नव्या गाडीला कोणाचा हात लागू दिला नाही. पुढे उंदरांनी वायरिंग कुरतडलं तेव्हा विहिरीवरच्या मोटारीची उरलेली काळी वायर घेऊन त्यांनी बसल्या बैठकीत सगळं नवं वायरिंग स्वतःच ओढलं. हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत एकच काळा रंग. कोणती वायर कुठली, हे त्यांच्या डोक्यात.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर खाट ओसरीत टाकली. तिथून अंगणातली गाडी समोर दिसायची आणि ते तिच्याकडेच पाहत पडायचे. मी रजा काढून आलो होतो. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, बोलतं करायचा प्रयत्न करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ठरवून टाकलं की ही गाडी सुरू करायची. तिचा आवाज ऐकून बाबांच्या तोंडून एखादा शब्द निघेल, या एकाच आशेवर मी कामाला लागलो.

गाडी काही सुरू होईना. लाइट लागत होता, हॉर्न वाजत होता, पण प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली तर ठिणगी नाही. प्लग नवा टाकला. ठिणगी नाही. दुसऱ्या दिवशी वरवट बकालहून मिस्त्री आणला. बोलका, हसरा माणूस. त्यानं पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. चावीत बिघाड असेल म्हणून चावीची वायरच सोडून पाहिली. इंजिन ढिम्म. शेवटी तो गाडीशेजारी बसकण मारून म्हणाला, "भाऊ, करंट तयार होऊन राह्यला, पण मधातच कोठी मुरते समजत नाही. सारी वायर काळी. काका बोलते असते तं दोन मिंटाचं काम होतं."

काका बोलते असते तर. ते वाक्य ओसरीपर्यंत गेलं असणार, कारण तेव्हापासूनच बाबांनी ते सुरू केलं. डावा हात खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि खालच्या अंगानं लाकडावर ठोकायचे. आमच्याकडे बघायचे, पुन्हा ठोकायचे. माय लगबगीनं गेली, तिनं लघवीचं भांडं लावलं. त्यांनी मान हलवली. पाणी दिलं, ओठ घट्ट मिटून घेतले. मी खाटेखाली वाकून पाहिलं, ढेकूण असतील म्हणून गादी उन्हात टाकली. मग पाठीला उशी दिली, पाय चोळले. ते डोळे मिटायचे, थोड्या वेळानं पुन्हा ठोकायचे. डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. दुखत असेल, असं आम्ही समजायचो.

मला चीड यायला लागली होती. गाडीची, त्या काळ्या वायरींची, आणि खोटं कशाला बोलू, त्या ठोकण्याचीही. किक मारून पोटरी भरून यायची आणि मागून ते ठकठक, ठकठक. एका दुपारी मी तिथूनच ओरडलो, "बाबा, काय पाह्यजे तुमाले? देऊन तं राह्यलो सारं!"

हात थांबला. मी मिस्त्रीला म्हणालो, मुळापासून सगळं काढून टाक.

त्यानं सीट उघडली आणि बाबांचं वायरिंग कात्रीनं तोडायला घेतलं. टेपचे वेढे सुटत गेले. कॉइलपाशी, टेपच्या पार आत, एक जास्तीची वायर जोडलेली निघाली. ती मागे सीटच्या डाव्या कडेला गेली होती आणि तिच्या टोकाला, सीटच्या पत्र्याआड, एक लहानसं काळं बटन होतं. मिस्त्रीनं ते दाबून पाहिलं आणि हसायलाच लागला. "हे तं चोर बटन आहे भाऊ! दाबलं की सारा करंट बॉडीत. चोरानं जिंदगीभर किका मारल्या तरी गाडी चालू नाही होत." तो बाबांच्या डोक्याचं कौतुक करत राहिला.

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सीटच्या कडेला थोपटणारा त्यांचा डावा हात आला. इतकी वर्षं आम्ही ज्याची थट्टा केली ते थोपटणं नव्हतंच, ते बटन दाबणं होतं. गाडी शेवटची चालवली त्या दिवशीही घरी येऊन त्यांनी सवयीनं ते दाबलं होतं. आणि खाटेवरून ते काहीच मागत नव्हते. ज्याची वाचा गेली तो फक्त मागतच असणार, हे आम्ही धरून बसलो होतो. सीटखाली हात घाल, एवढंच ते सांगत होते.

"मलेही नाही सांगतलं कधी," माय म्हणाली. मग तीच म्हणाली, "सांगतलं असतं तं आपण गावभर केलं असतं."

वायरिंग तुटून अंगणात पडलं होतं, ते काही परत जोडलं जाणार नव्हतं. बाजारातलं रंगीत वायरिंग बसवलं आणि गाडी लगेच सुरू झाली. मी ती ओसरीला लावली, ॲक्सिलेटर पिळला, अंगणभर धूर केला. बाबा छताकडे बघत होते. मी गाडी बंद केली, आत गेलो आणि ते बटन त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "बाबा, सापडलं," म्हणालो. "तुमी हेच सांगत होते ना?"

त्यांनी अंगठ्यानं बटन चाचपलं. त्याला लोंबणारी तुटकी वायर बोटांनी टोकापर्यंत पाहिली. मग ते खाटेवर ठेवून दिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर त्यांनी कधी ठोकलं नाही. आता मी गावी आलो की खाटेशी बसतो. काय पाहिजे, असं विचारत नाही. "बाबा, काय सांगता?" असं विचारतो आणि त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहतो. हात गोधडीवर पडून असतो.