फुंका, बाबा

एका संध्याकाळी आमच्या घरातल्या चारही माणसांची फुप्फुसं निकामी झाली. निकामी मीच केली.

मी तेव्हा चंद्रपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि श्वसनसंस्थेचा धडा नुकताच संपला होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला तेवढा पुरला. गावाकडे बाबांचा खोकला मात्र दिवाळीपासून संपत नव्हता. आमचं घर मासेमारीवर चालतं. तलावाच्या तळाशी खुंटाला जाळं अडकलं की बुडी मारून सोडवायचं काम बाबांचं, कारण त्यांच्याएवढा दम गावात कुणालाच नव्हता. आता ते बुडी मारायचे आणि लगेच वर येऊन म्हणायचे, "पानी लय थंडं हाये." (मे महिन्यात!) दवाखान्याचं नाव काढलं की जाळं खांद्यावर टाकून चालू लागायचे. मला त्यांचा खोकला ऐकून भीती वाटायची.

म्हणून मी मेडिकलमधून तीन गोळ्यांचं यंत्र आणलं. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी, आणि तोंडात धरायची एक नळी. फुप्फुसात दम असला की गोळ्या वर चढतात. बाबांच्या चढणार नाहीत, मग त्यांना पटेल, आणि सोमवारी मी त्यांना चंद्रपूरला नेईन, असा माझा बेत.

"फुंका, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी फुंकलं. डोळे लाल झाले, गोळ्या ढिम्म.

"पाहा. मी सांगून राह्यली होती ना?" (बापाच्या आजारपणाचा आनंद होण्याचा दिवसही देवानं मला दाखवला.)

"तुया मायले दे पह्यले," बाबा म्हणाले.

मायनं फुंकलं. काही नाही. मग काकांनी घेतलं. काका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. त्यांनी गाल फुगवून असं फुंकलं की खुराड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. गोळी हलली नाही. काका मटकन खाली बसले. "आता बँडवाले मले झांज देतीन."

शेवटी मी फुंकलं. माझीही गेली होती.

इथे मला शंका यायला हवी होती. मला रोग सुचला. "चुलीचा धूर," मी जाहीर केलं. "सोमवारी सगळेच चला." माय रडायला लागली, बकऱ्या कुणाकडे ठेवायच्या म्हणून. विरजण मागायला आलेली शेजारची शेवंताबाई "मी बी पाहू का व?" म्हणत फुंकून बसली आणि तोंडाला पदर लावून, विरजण न घेताच घरी गेली. अख्ख्या मोहल्ल्यात बातमी झाली.

काकांना हार मानवेना. फुंकून फुंकून त्यांना धाप लागली, आणि नळी तोंडातच असताना त्यांनी जोरात श्वास आत घेतला. तिन्ही गोळ्या टकाटक वर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खोक्यावरचं चित्र पाहिलं. हवा आत ओढायची होती.

"काऊन व, कॉलेजात हेच शिकवून राह्यले का?" काका म्हणाले.

मग सगळ्यांनी ओढलं. मायच्या दोन चढल्या, माझ्या तीन. शेवंताबाईला हाक मारून परत बोलावलं, तिच्याही चढल्या. बाबा तर खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी नळी तोंडात धरली आणि ओढलं. पहिली गोळी जराशी हलली आणि बसली. पुन्हा ओढलं. पुन्हा बसली. आमचं हसणं थांबलं.

"यंत्रच खराब हाये," बाबा म्हणाले.

माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या दारी जाऊन मी रडले.

सोमवारी सकाळी पाहते तर बाबा धुतलेला सदरा घालून अंगणात उभे.

"चल, तुये फेफडे दाखवून येऊ. त्या दिवशी तुयाच्यानं एकबी गोळी नाई चढली."

"माये बरोबर हायेत, बाबा."

"ते डॉक्टर सांगन. मी फक्त सोबत येतो."

डॉक्टरांनी खरंच आधी मला तपासलं. मी ठणठणीत निघाले. मग त्यांनी बाबांच्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ काढलीच नाही.

आता बाबा तलावात उतरत नाहीत. अडकलेलं जाळं काका कापून काढतात आणि बाबा ते काठावर बसून शिवतात. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज ते यंत्र तोंडाला लावतात. एक गोळी चढते, तीही रोज नाही. मी घरी गेले की नळी हातात धरून विचारतात, "मॅडम, आज फुंकायचं का ओढायचं?"

मी आता पास झालेली नर्स आहे. तरी आधी खोक्यावरचं चित्र पाहते, मगच सांगते.