पुढचं लहान, मागचं मोठं

सायकलीला दोन चाकं असतात, एवढं मला माहीत होतं. त्यातलं पुढं कोणतं लावायचं आणि मागं कोणतं, इथं जरा गफलत झाली.

आता ही गफलत भाजीवाल्याची किंवा वकिलाची असती तर कुणी काही बोललं नसतं. पण मी गेली सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवतो! फळ्यावर खडूनं असं चाक काढतो की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा झोपेतून उठून दाद देतं. (दाद देऊन परत झोपतं, तो भाग वेगळा.)

माझी मुलगी सई पुण्यात शिकते आणि डोंगरात सायकल चालवते. मागच्या वर्षी आमच्या शहराजवळच्या म्हैसमाळच्या शर्यतीत ती दगडांच्या उतारावर पडली. गुडघा फुटला आणि सायकल खांद्यावर घेऊन तिला पायी परत यावं लागलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नंबर येवो न येवो, तो उतार सायकलीवर बसून उतरायचा. वर्षभर ती त्यासाठी घाम गाळत होती. या वर्षीची शर्यत येत्या रविवारी होती आणि त्याआधीच्या सोमवारी तिचा फोन आला.

"बाबा, एक काम कराल? मी शर्यतीसाठी घरी आणून ठेवलेल्या सायकलीची दोन्ही चाकं एकोणतीस इंची आहेत. मला त्यातलं एक साडेसत्तावीसचं करायचंय. एक मोठं, एक लहान. सगळे आता तसंच चालवतात. रफिकभाईंकडून चाक आणून ठेवा, मी शुक्रवारी आले की बसवते. फक्त लक्षात ठेवा, लहान चाक..."

"कळलं, कळलं!" मी म्हणालो.

"अहो बाबा, ऐका तरी. लहान चाक..."

"सई, तू जन्मायच्या आधीपासून मी चाकं शिकवतोय. ठेव फोन, अभ्यास कर."

तिनं फोन ठेवला. मी तिला मधेच का तोडलं? खरं सांगायचं तर मला मोह झाला. या पोरीला सायकल मी शिकवली. मागून सीट धरून अख्ख्या कॉलनीला प्रदक्षिणा घातल्या, "पुढं बघ, मागं मी आहे" असं ओरडत. आणि आता? आता ती ब्रेकच्या तेलाबद्दल बोलते आणि मी नुसती मान डोलावतो. चार वर्षांत तिनं मला सायकलीतलं काही विचारलं नव्हतं. मग ठरवलं, ती यायच्या आत सायकल तयार करून दारात उभी करायची. तिनं "बाबा!" म्हणून टाळी वाजवायची. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा!

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत रफिकभाईंचं सायकलीचं दुकान आहे. मी चाक मागितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"साब, आगे का होना की पीछे का?"

मागच्या चाकाला गिअरच्या दातेरी चकत्या असतात, पुढचं नुसतंच असतं. म्हणजे हे आधी ठरवावं लागतं. मी गंभीर चेहरा केला, जणू मनात गणित चाललंय. गणित-बिणित काही नव्हतं.

"बच्ची कू फोन लगा के पूछ लो ना एक बार," रफिकभाई हळूच म्हणाले.

बच्चीला विचारायचं? मी? सव्वीस वर्षं?

नेमका त्या दिवशी माझा मोठा भाऊ, दत्तादादा, आमच्या पिशोर गावाहून ट्रॅक्टरच्या कामासाठी शहरात आला होता आणि माझ्यासोबतच दुकानात उभा होता. दादानं आयुष्यात तीन ट्रॅक्टर वापरलेत आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला या तिघांपैकी एकात सापडतं.

"सुध्या, येवढा इचार कशाला करायलास?" दादा म्हणाला. "ट्रॅक्टर बघितला नाय व्हय? पुढचं चाक ल्हान, मागचं मोठं. मागं ताकद, पुढं वळण. येवढी मोठी कंपनी येडी हाय का?"

मी थक्क झालो. काय सोपं, काय सुंदर! मागं ताकद, पुढं वळण. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गातसुद्धा वापरलं. (साठ मुलांनी वहीत लिहून घेतलं. त्यांची मी इथंच माफी मागतो.)

"आगे का!" मी रफिकभाईंना ठणकावून सांगितलं.

रफिकभाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दादाकडं. मग चाक काढून दिलं. "आप मास्तर लोगां," म्हणाले, "हम क्या बोलना."

घरी येऊन आम्ही दोघा भावांनी पुढचं मोठं चाक काढलं, लहान बसवलं. पाच मिनिटांचं काम, आम्हाला दीड तास लागला. माझी बायको मीना चहा घेऊन आली आणि सायकलीकडं बघत राहिली.

"अहो, ही पुढून बसल्यासारखी दिसतीय."

"त्याला झुकाव म्हणतात. फक्त पाऊण इंचाचा."

"बैल बसायच्या आधी असाच दिसतो," एवढं बोलून ती आत गेली.

काढलेलं मोठं चाक भिंतीला टेकून उभं होतं. दादाला रिकामी वस्तू बघवत नाही. "हे आता कशाला पडू द्यायचं? दे, मी नेतो." मी उदार मनानं दिलं. चाक पिशोरला गेलं.

शुक्रवारी सकाळी, सई यायच्या आधी, चाचणी घ्यायची ठरवली. आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथं राहतो. कॉलनीमागं टेकडी, टेकडीला मुरमाचा उतार. मी सईचं हेल्मेट घातलं (ते माझ्या डोक्यावर वांग्याच्या देठासारखं बसत होतं) आणि वर गेलो. खाली शेजारचे चारजण जमले. मी त्यांना हातही हलवला.

निघालो. पहिले वीस हात मी राजा होतो!

मग काय झालं, ते शास्त्रानं सांगतो. पुढची बाजू खाली, त्यात उतार, त्यात माझं पोट. सगळा भार आधीच हँडलवर लोटलेला. अशात वाटेत नारळाएवढा एक दगड आला. मोठं चाक असा दगड ओलांडून जातं. लहान चाक त्याच्यापुढं थबकून विचार करत बसतं. पुढचं चाक विचार करत बसलं. मागचं मोठं चाक, ज्यात दादाच्या म्हणण्याप्रमाणं ताकद होती, ते ताकदीनं वर आलं. आणि मी मधल्या मध्ये मोकळा झालो. बांधकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो. वाळूत मी डोक्याकडून गेलो. शेजारी म्हणतात, बराच वेळ फक्त बूट दिसत होते.

उजव्या मनगटाला प्लास्टर झालं. दवाखान्यातून दादाला फोन लावला.

"दादा, उलटलं रे सगळं!"

"असं कसं? ट्रॅक्टर कधी असा पडला नाय."

"ट्रॅक्टरला चार चाकं असतात!"

"हां," दादा म्हणाला, "ते बी खरंय म्हणा."

संध्याकाळी सई आली. आधी माझा हात पाहिला, मग अंगणातली सायकल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सायकलीपुढं उकिडवं बसून चाकावरून बोट फिरवलं.

"बाबा, मोठं चाक पुढं लागतं. दगडावरून तेच नेतं. लहान मागं, म्हणजे वळताना सायकल हलकी राहते. मला हेच सांगायचं होतं फोनवर."

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही, माहिती दिल्यासारखं म्हटलं. मला ते प्लास्टरच्या आत कुठंतरी लागलं. "मागं मी आहे" म्हणायचो मी तिला. मागं असणारा माणूस पुढं घुसला कधी? (असे खोल विचार मला वेदनाशामक गोळीनंतरच येतात.)

"माझं जुनं पुढचं चाक कुठंय?" तिनं विचारलं.

मी आढ्याकडं पाहिलं. "पिशोरला."

शनिवारी सकाळी सईनं गाडी काढली आणि आम्ही पिशोर गाठलं. चाक कुठं असेल याचे मी रस्त्यात अंदाज बांधले होते: गोठ्यात, विहिरीवर, फार तर माळ्यावर. पण वहिनीनं ते चुलीपुढच्या पत्र्याखाली आडवं टांगलं होतं आणि त्याच्या तारांना झारे, पळ्या, उलथनी, चिमटे, गाळण्या लटकवल्या होत्या! नुसतं बोट लावलं की चाक गोल फिरे आणि हवी ती पळी समोर हजर. यंत्रशास्त्राचा एवढा चांगला उपयोग मी सव्वीस वर्षांत शिकवला नव्हता.

"वहिनी, ते चाक..."

"हात लावू नगा भावजी!" वहिनी झारा घेऊन उभी राहिली. "पंचवीस वरसात या घरात माझ्यासाठी आलेली ही पहिली मशीन हाय. बाकी समदं वावरातच जातं."

दादानं एकदम गोठ्याकडं पाहायला सुरुवात केली. मग सई पुढं झाली. तिनं वहिनीला मागच्या वर्षीचा गुडघा दाखवला, उतार सांगितला, दगड सांगितले. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. हो, तिनं मधे तोडलं नाही. मग एकेक पळी काढून पदरात घेतली.

"ने बाई. पर बदल्यात याच मापाचं पाहिजे. आन् चुलत्याला त्या सायकलीपासून लांब ठेव."

"काकू, बाबांना पण ठेवते," सई म्हणाली.

दुपारी चाक घेऊन रफिकभाईंकडं पोहोचलो. मी खालमानेनं सांगणार, तोच त्यांनी मागच्या फळीवरून दातेरी चकत्यांचं, साडेसत्तावीसचं मागचं चाक काढून समोर ठेवलं.

"उसी दिन से निकाल के रखा था बेटा," ते सईला म्हणाले. माझं प्लास्टर पाहून पुढं म्हणाले, "शुक्रवार कू आएंगे, ऐसा लगा था. एक दिन लेट हुए."

वहिनीसाठीही त्यांनी अडगळीतून एक मोठं चाक शोधून दिलं, तारा पुसून.

रविवारी सकाळी मी म्हैसमाळला त्या दगडी उतारापाशी दोरीला चिकटून उभा होतो. शेजारी मीना आणि दादा. सई वर दिसली. पुढचं मोठं चाक एकेक दगड गिळत खाली येत होतं. मला राहवलं नाही, दोरीवरून वाकून मी ओरडलो, "पुढं बघ! मागं..."

"बाबा, मागं व्हा!" ती किंचाळली आणि सुसाट गेली.

मी मागं झालो. ती बसून उतरली. शेवटपर्यंत बसूनच. सातवी आली. खाली पोहोचल्यावर तिनं हेल्मेट काढलं, धूळभरल्या तोंडानं हसली आणि मला म्हणाली, "उतरले बाबा." मी डाव्या हातानं माझ्याच मांडीवर टाळी वाजवली. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता. दादा म्हणाला, "ट्रॅक्टरला हा उतार नसता जमला." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दोन चाकं उरली होती. सईचं मागचं मोठं आणि मी हौसेनं आणलेलं पुढचं लहान. त्या दोघांची अशी जोडी जुळते की जगात दुसऱ्या कुठल्याच प्रकारे बसत नाही. रफिकभाईंनी एक जुना सांगाडा शोधला, दोन्ही चाकं त्यात बसवली आणि माझं प्लास्टर निघालं त्या दिवशी ती सायकल दारात आणून उभी केली. सईची कल्पना!

डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, त्यामुळं रोज सकाळी मी तीच चालवतो. सपाट रस्त्यावरच. पुढून ती इतकी खाली आहे की बसलं की माणूस आपोआप वाकतो आणि मान खाली जाते. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं मी नमस्कार करतोय, तोही उलट करतो. परवा शेजारी मीनाला म्हणाले, "सर हल्ली किती नम्र झालेत हो!"

"पाऊण इंचानं," मीना म्हणाली.