रानगाढव आणि खरजेचा किडा

अगदी वेगळ्या दोन प्राण्यांची तुलना करून आणा, असं शाळेत सांगितलं होतं. माझ्या तिसरीतल्या मुलीने तक्त्यावर एका बाजूला रानगाढव काढलं, दुसऱ्या बाजूला खरजेचा किडा. दोघांशीही आमची ओळख झाली होती.

दिवाळीत आम्ही तिघं कच्छला गेलो होतो. रानगाढवं जीपची चाहूल लागताच पसार व्हायची. माझ्या निम्म्या फोटोंत नुसत्या शेपट्या आहेत. विश्रांतवाडीला परतल्यावर तेही सोसायटीच्या ग्रुपवर टाकून कौतुक करून घेतलं. महिन्याभराने मुलगी खाजवायला लागली, मग मी. त्यानंतर कामाच्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत मला पुरळ दिसलं. मावशी आमची अंथरुणं काढायच्या, मी ऑफिसात असताना मुलीला मांडीवर घेऊन बसायच्या. उद्यापासून येऊ नका, असं मी त्यांना म्हणाले, आणि त्याच ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. समाजसेवाच ती! आणखी दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, महिना-दीड महिन्यापूर्वी कुठे परगावी राहिला होतात का? ही खाज उशिरा सुरू होते, म्हणाले. मला लॉजवरची कळकट ब्लँकेटं आठवली. घरात वावरणाऱ्या प्रत्येकाने एकाच दिवशी मलम लावा, असंही बजावलं. मलम मी तिघांपुरतंच घेतलं. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

तक्त्यात मुलीने लिहिलं होतं, रानगाढव माणसाला बघून पळतं, किडा माणसातच घर करतो. खाली रकाना होता, 'कुठे पाहिला?' रानगाढवापुढे 'कच्छ'. किड्यापुढे 'मावशींच्या हातावर'. माझ्याच तोंडचं ऐकून लिहिलं होतं तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी ते खोडायला लावलं आणि 'पुस्तकात' असं लिहून घेतलं. 'आमच्या घरी' लिही, असं सांगायला जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्यूब घेतली आणि सगळं कबूल करायचं ठरवून मावशींच्या खोलीवर गेले. त्यांनी दारातच विचारलं, "पोरीची खाज गेली का, ताई?"

"गेली."

"माझ्यामुळं लागली तिला. जिवाला लई लागलं बघा."

मी ट्यूब पुढे केली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"कामावरनं काढलेल्या बाईसाठी एवढं कोण करतं?" त्या म्हणाल्या.

कसं लावायचं, तेवढं मी सांगितलं आणि निघाले.