तिसऱ्या घराच्या जाहिरातीतला आवाज

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, गोंदियातल्या आमच्या गल्लीत, तिसऱ्या घराच्या दलालाने एका बाईंना ते घर विकायला नकार दिला. 'नकार' हा शब्द त्याने वापरला नाही. घर बघायला मी बाईंसोबत होतो, त्यामुळे त्या सकाळचं सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे. बाकीचं विचारून घेतलेलं आहे.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना टेलिफोनबाईच म्हणायची. कोणी बोलायला लागलं की त्या मान किंचित कलती करायच्या, एक बोट कानामागे न्यायच्या, जणू हेडफोन अजून तिथेच आहे, आणि म्हणायच्या, "बोला, ऐकून राहिली." मग खरंच ऐकायच्या. तुमच्या ओळखीत अशी ऐकणारी माणसं किती आहेत, आठवून पाहा.

मी नवा बातमीदार होतो तेव्हा संध्याकाळी नागपूरच्या कार्यालयाला ट्रंक कॉल लावून बातम्या सांगाव्या लागत. लाईन जोडून देणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असत. चेहरा पाहिलेला नव्हता. आवाज स्वच्छ, घाई नसलेला, मराठीतून हिंदीत जाताना कुठे अडखळत नसे. एकदा माझं सांगून संपल्यावर त्या लाईनवर येऊन म्हणाल्या, "आज तुमच्या बातमीत कोणी मेलं नाही. बरं वाटलं."

"ऑपरेटरने ऐकायचं नसतं," मी म्हणालो.

"ऐकत नाही जी. ऐकू येते."

पुढे मी या गल्लीत राहायला आलो, तर शेजारच्या माडीवर तोच आवाज भाड्याने राहत होता. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, तर "नंबरच नाही लागला" एवढं उत्तर मिळे. बैठकीत बुद्धाची एक मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. ते केशोरीहून किती जणांसोबत आणि कसे गेले, हे त्या स्वतः तिथे असल्यासारखं सांगायच्या. गाव केशोरी. धानाच्या शेतीतला वाटा भावाला विकून आलेला पैसा आणि निवृत्तीची रक्कम, दोन्ही त्यांनी बँकेत तशीच ठेवली होती.

चुकून लागलेला फोन त्या कधी ठेवत नसत. "रॉंग नंबर आहे, पण बोला, कोण पाहिजे?" एकदा बालाघाटचा कोणी माणूस आपल्या मेहुण्याला शोधत होता. मेहुणा राइस मिलमध्ये आहे, एवढीच माहिती. बाईंनी मिलमागून मिल फोन करून तो मेहुणा शोधला. बालाघाटचा माणूस आभार मानायला पिशवीभर शिंगाडे घेऊन आला, आणि फोनवर मेहुण्याशी पुन्हा कडाक्याचं भांडण झालं हेही सांगून गेला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "जोडून देणं माझं काम," त्या शिंगाडे सोलत म्हणाल्या. "भांडण त्याईचं त्याईनं पाहावं."

त्यांच्या गॅलरीसमोर पाच घरं आहेत, भिंतीला भिंत लावून, एकाच कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली. बिडीच्या एका व्यापाऱ्याने आपल्या मुनीमांसाठी ती बांधली होती. त्यातलं तिसरं घर नागपूरच्या एका माणसाने घेतलं आणि दुरुस्तीला काढलं. प्लास्टर खरवडून विटा उघड्या केल्या. सागवानी खांबांना पॉलिश केलं. देशी कवेलू उतरवून धुऊन पुन्हा चढवले, आत पिवळे दिवे लावले, न्हाणीघरात काचेचं दार बसवलं. मग पाटी लागली: 'रिनोव्हेटेड व्हिंटेज रो-हाऊस, विकणे आहे.'

"व्हिंटेज म्हणजे काय जी?" पहिल्या घरातल्या काकूंनी विचारलं.

"जुनंच," बाई गॅलरीतून म्हणाल्या. "पण आपल्याले परवडत नाही असं जुनं."

मालकाचा आर्किटेक्ट तरुण होता, गोड बोलणारा होता. त्याला मोबाईलवर फिरवायला व्हिडिओ करायचा होता. गल्लीचा इतिहास सांगेल असं कोणी हवं होतं. सगळ्यांनी माडीकडे बोट दाखवलं. बाईंनी एका दमात सांगितलं. पावसाळ्यात या छपराचा आवाज कसा येतो, मुनीम सकाळी ओट्यावर बसून दात कसे घासत, दुपारी बिड्यांच्या पानांचा वास कुठवर जाई. पडद्यावर घर होतं, आवाज बाईंचा होता. व्हिडिओ अख्ख्या शहरात फिरला. जवळच्या नागरा गावी देवळात दर्शनाला गेलेल्या काकूंना तिथे कोणीतरी तो दाखवला. बाई खूष होत्या. "एक्स्चेंज सुटल्यावर पहिल्यांदा ड्युटी केली," त्या म्हणाल्या.

त्याच महिन्यात त्यांच्या घरमालकाने माडी रिकामी करायला सांगितलं. तिथे फ्लॅट बांधायचे होते. बाईंनी आठवडाभर कोणाला काही सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी मला हाक मारली.

"पेपरवाले भाऊ, तिसरं घर मी घेईन म्हणते."

मी आधी त्यांच्याकडे, मग समोरच्या पाटीकडे बघितलं.

"असे काऊन बघून राहिले? पैसे आहेत. म्हातारपणी नवी गल्ली कोण शिकेल? इथं मले कोण कधी खोकलते तेबी माहीत आहे."

मागितलेल्या किमतीत त्यांनी घासाघीस केली नाही, हे इथे नोंदवतो. फोन माझ्यासमोर लावला. पलीकडून दलाल, तोही नागपूरचा, पहिल्याच मिनिटात आपलासा झाला. "मॅडम, आप तो घर के लगते हो. आवाज कहीं सुना हुआ है." बाई हसल्या. रविवार ठरला. पाहायला दोन डोळे जास्त असावेत, म्हणून मला चलायला सांगितलं.

दलालाने प्रत्येक खोली दाखवली, खांबांवर हात फिरवायला लावला, चहा मागवला. टोकनची पावती लिहायला घेतली तेव्हा पूर्ण नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. त्याचं पेन थांबलं.

"गाव, मॅडम?"

"केशोरी."

"केशोरी में... किस तरफ?"

बाईंनी मान कलती केली नाही. सरळ बघत म्हणाल्या, "ज्या बाजूला तुमी समजून राहिले, त्याच बाजूला."

दलाल उठला, मोबाईल कानाला लावून ओट्यावर गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर खेद होता. "मॅडम, क्या बताऊँ, अभी-अभी फोन आया. एक पार्टी का टोकन हो गया."

"फोन आला?" बाई म्हणाल्या. "वाजला तर नाही. थरथरला पण नाही. तुमीच लावला, आणि तिकडून कोणी उचलला पण नाही. सगळा वेळ तुमीच बोलले."

त्याने पावतीपुस्तक बॅगेत ठेवलं. चहा आला तेव्हा आम्ही पायरी उतरत होतो.

त्याच संध्याकाळी मी माझ्या चुलत बहिणीला त्या नंबरवर फोन करायला सांगितलं. तिच्या सासरचं आडनाव गोंदियात कोणालाही दोनदा विचारावं लागत नाही. घर मोकळं आहे, टोकन कोणाचंही नाही, उद्याच या, असं उत्तर आलं. मालकाला मी स्वतः फोन केला. "आमच्या मनात तसं काहीच नाही हो," तो म्हणाला. "पण शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. भिंतीला भिंत आहे ना."

म्हणून मी शेजाऱ्यांकडे गेलो. चार घरं. पहिल्या घरातल्या काकू, चौथं आणि पाचवं घर, तिघांनीही सांगितलं की आम्हाला कोणी विचारलेलंच नाही. दुसऱ्या घरातल्या गृहस्थांच्या सुनेच्या बाळंतपणात बाई चार रात्री दवाखान्यात बसल्या होत्या. ते म्हणाले, "बाई म्हणजे देवमाणूस. पण बघा, ओळख वेगळी आणि घर वेगळं." हे वाक्य त्यांनी अगदी सहज, मला पाण्याचा पेला देत उच्चारलं. मी पाणी न पिता निघालो. बातमीदाराने असं करू नये.

बातमी लिहिली. संपादकांनी वाचली आणि विचारलं, यात कोण काय म्हणालं ते दाखव. टोकन खरंच आलं आणि संध्याकाळपर्यंत मोडलं असेल तर? ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्या तोंडचं, अवतरणात टाकण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. बातमी लागली नाही.

बाईंना हे सांगायला गेलो तेव्हा त्या सामान बांधत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "कोणी काही बोललंच नाही, तर तुमी छापाल काय? लई सफाईचं काम आहे ते. पूर्वी तोंडावर तरी बोलत होते."

मग त्यांनी आर्किटेक्टला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"बाबू, त्या व्हिडिओतून माझा आवाज काढ."

"पण मावशी, लोकांना तुमचा आवाज फार आवडला! त्यानेच तर इतके फोन येतात."

"आवाज आवडला, आडनाव नाही आवडलं. दोन्ही एकाच बाईचे आहेत. काढ."

"थांबा हं, मालकांना विचारतो," तो म्हणाला. एरवी बाईंनी असा फोन धरून ठेवला असता. या वेळी त्यांनी ठेवून दिला, आणि दोरीच्या गाठीवर बोट ठेवायला मला बोलावलं.

आवाज काढला गेला. आता तिथे बासरी वाजते.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाई केशोरीला गेल्या. भावाच्या घरामागे दोन खोल्या उठवल्या आहेत, वर टिन आहे. निघताना चारही घरांच्या ओट्यांवर माणसं उभी होती. दुसऱ्या घरातले गृहस्थही होते, ट्रकवर कपाट चढवायला त्यांनी हात लावला. बाईंनी त्यांना "सांभाळून, बोट चेंगरेल" एवढंच म्हटलं. माडी पावसाळ्याआधी पाडली.

तिसऱ्या घराला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. गेल्या सोमवारी दलालाने नवी जाहिरात पाठवली. किंमत उतरवली आहे, आणि खाली लिहिलं आहे, 'इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.' ती केशोरीत बाईंच्या मोबाईलवरही पोचली. त्यांचा नंबर त्याच्या यादीतून काढलेला नाही.