मेथी निवडतानाची चाल

मेथीची जुडी सोडली की मुळांच्या ओल्या मातीचा वास येतो आणि आईचं गुणगुणणं आठवतं. शब्द नसायचेच त्याला. तिचं तेरावं झालं त्या संध्याकाळी कोथरूडच्या घरात बाबा, मावशी आणि मी एवढेच उरलो होतो. ते गाणं कोणतं हे कळावं म्हणून मी ती चाल मोबाईलपुढे गुणगुणली. सापडलं नाही. पुन्हा म्हटली, तरी नाही. मावशी डोळे पुसत म्हणाली, "कसं सापडेल? माझी बहीण जन्माची बेसूर. पेटीच्या बाईंनी हात जोडले होते तिच्यापुढे. आणि तू अगदी तिच्यासारखंच म्हणतेयस." मग तिने चाल नीट सुरात गुणगुणली, आणि मोबाईलने लगेच एक जुनं भावगीत लावलं. गाणारीचा गळा फार गोड होता. बाबा खिडकीशी उभे होते. दोन ओळी ऐकल्या आणि मागे न वळता म्हणाले, "बंद कर. हे आपल्या घरातलं नाही." ते गाणं मी पुन्हा कधी लावलं नाही. आजही मेथी निवडताना गुणगुणते, पण चाल सुरात जायला लागली की थांबते आणि पहिल्यापासून, आईसारखी सुरू करते.