या वेळी शिट्टी नव्हती

शाळेत तिसरा तास चालू होता. शिपाई मावशी वर्गाच्या दारात आल्या आणि त्यांनी ऑफिसकडे हात केला. फोन मसाटच्या कारखान्यातून होता. "सुमनबेनला दवाखान्यात नेलंय, तुम्ही लवकर या," एवढंच बोलून पलीकडच्या बाईने फोन ठेवला. मी पोहोचले तेव्हा सारं संपलं होतं. कारखान्याच्या फाटकातून आत जाणारा लहानसा चढ चढताना सुमनताई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. मग मला जवळची समजून त्यांनी विचारलं, "अलीकडे जबडा दुखतो म्हणायच्या का?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं... त्या लिहून घेण्याचीच मला भीती वाटली.

सिल्वासात आमची दारं समोरासमोर, तिसऱ्या मजल्यावर. मी रत्नागिरीकडची, शिक्षिका. त्या अमळनेरच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन इथे आल्या आणि सुताच्या कारखान्यात धाग्यातले दोष तपासायच्या कामाला लागल्या. लेक वर्षा लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून त्यांची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दोन घरांत वाटली जाऊ लागली. चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी त्या घाईघाईने माझ्याकडे आल्या. "बाई, तुमचा गॅस उघडा राहिला का? केव्हाची बारीक शिट्टी ऐकू येते मला." आम्ही शेगडी पाहिली, सिलिंडरला कान लावला, फ्रीज बंद केला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही तर माझ्या आतच वाजते व माय..."

कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज, दुसरं काय, असं सगळेच म्हणाले. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, ऐकू नीट येत होतं, पण शिट्टी काही थांबेना. उलगडा झाला तो दाढेचा तुकडा पडला म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा. त्यांनी कानापुढे बोट दाबून तोंड उघडायला सांगितलं. कट्ट असा आवाज मलाही ऐकू आला. बोट दाबलं की शिट्टी चढत होती, काढलं की उतरत होती. "बेन, कान तो अच्छा है. गडबड इधर है," ते म्हणाले. जबड्याचा सांधा कानाला अगदी लागून असतो. दात सतत आवळून धरले की तिथले स्नायू ताठतात आणि काहींच्या कानात असा आवाज सुरू होतो, असं त्यांनी समजावलं. दात आवळता का, विचारल्यावर सुमनताई हसल्या. "दात आवळल्याशिवाय दिवस निघतो का, डॉक्टर?"

दातांवर बसवायची पट्टी आली, शेक आला, आरशासमोरचे व्यायाम आले. कडक भाकरी दुधात कुस्करली जाऊ लागली. काही महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "ऐका बाई. काहीच नाही!" खाली ट्रक, रिक्षा, भाजीवाल्यांचा कल्ला... तरी त्यांच्या लेखी ती शांतता होती.

यंदाच्या हिवाळ्यात त्या जिन्यात थांबू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून, हात जबड्यावर. "परत सुरू झालं?" मी विचारलं. "हो ना. पण या वेळी शिट्टी नाही. नुसता ठणका, गळ्यापर्यंत उतरतो. जरा थांबलं की जातो." मी वर्गात बोलते तशी बोलले, "पट्टी लावायचा कंटाळा करत असाल." त्या ओशाळल्या. "लावते, बाई." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांची पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबलेली मला घरात ऐकू यायची, थोड्या वेळाने पुन्हा वाजायची. दम खातायत, बरं आहे, असं वाटून मी हातातलं काम पुढे चालू ठेवायची.

तेराव्यानंतर वर्षाबरोबर मी त्यांचं घर आवरायला गेले. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलेलं होतं. रोजच्या तारखेखाली व्यायाम झाल्याची खूण. शेवटच्या महिन्यात मात्र त्या खुणांशेजारी बारीक अक्षरात काही लिहिलेलं. 'जिना.' 'जिना.' 'बाजारातून येताना.' 'जिना, दोनदा.' घरी बसून काढलेल्या सुट्टीच्या दिवशी काहीच नाही. चढलं-चाललं की ठणका, बसलं की नाही, म्हणजे तो जबड्याचा नव्हताच, हृदयाचा होता. आयुष्यभर धाग्यातला दोष हेरणाऱ्या बाईने हा दोषही बरोबर हेरला होता. त्या गुरुवारी गेल्या. पुढच्या शनिवारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'दातवाले डॉक्टर. विचारणे.'

"मावशी, हे जिना जिना काय लिहिलंय आईने?" वर्षाने विचारलं. मी तिला पलंगावर बसवलं आणि सांगितलं. जबडा सांगितला, जिना सांगितला, पट्टी लावा असं कोण म्हणालं तेही सांगितलं. मग उठून तिने कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ठेवा," एवढंच म्हणाली. रागाने की मायेने, मला अजून कळलेलं नाही... आणि तिला विचारायचा धीर मला होत नाही.