ड श्रेणीची शाळा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आम्ही दोघंच: मी आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत, पोरांना वाचायला लावत, गणितं घालत आणि शाळेला अ ते ड यातली एक श्रेणी देऊन जात. मागच्या साली आमच्या वाट्याला ड आली होती. पुन्हा ड आली तर पोरं काढून औंढ्याच्या शाळेत घालू, असं गावानं बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

तपासणीच्या सकाळी चौथीत पाच-सहा जागा रिकाम्या. नेमकी कच्ची पोरंच गायब! ही तर देवाचीच कृपा, असं मी म्हणेपर्यंत बाई चपला घालून निघाल्यासुद्धा. मी मागोमाग पळालो.

गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यावर एक बाप कोकरांना पाला टाकत होता. त्याची लेक जवळच उभी होती.

"हिला काहून घरी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठीच ठेवलं, बाई. हिला बराबर वाचता येत न्हाई. हिच्यापायी शाळा नापास व्हायची."

मला वाटलं, बाई आता भडकणार. पण त्यांचा आवाज मऊच होता. "मागच्या साली हिला एक अक्षर येत नव्हतं, भाऊ. आता वाचून राहिली. हेच तर साहेबांना दाखवायचं हाय."

पोरीचा हात धरून बाई परत फिरल्या. बाकीची पोरंही वाटेत गोळा केली आणि सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. काय ती छाती!

साहेबांनी पहिलं पुस्तक त्या पोरीच्याच हातात दिलं. ती ओळीओळीला अडखळत होती. साहेब कंटाळून शेजारच्या पोराकडे वळले, तशा बाई म्हणाल्या, "थांबा साहेब, तिचं संपू द्या." साहेबांना थांबा म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. साहेब थांबले आणि पोरीनं धडा संपवला.

पुढं श्रेणी आली ती क. गावानं काही गुलाल उधळला नाही, पण पोरंही काढली नाहीत. फक्त पारावर कुणीतरी म्हणालं, कच्ची पोरं बसवली नसती तर ब आली असती. ते ऐकून तो बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, आमच्या लेकरामुळं झालं का हे?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "तिच्यामुळंच. ड होती, तिनं क केली."

शाळा सुटेपर्यंत बाप पायरीवर बसून राहिला, लेकीला सोबत घेऊन जायला.